खांबाची पट्टी

आमच्या गॅलरीसमोरची द्राक्षबाग गेली आणि तिथे इमारत चढू लागली. फलकावर कारंजं होतं आणि गोरी, हसरी मुलं. खरी मुलं वर स्लॅबवर राहत होती.

पेठ तालुक्यातून आलेलं मजूर जोडपं, नऊएक वर्षांची मुलगी आणि नुकता चालायला लागलेला मुलगा. ती राहत त्या चौथ्या मजल्याला भिंती नव्हत्या, लिफ्टच्या जागी नुसतं भोक. आई विटा वाहायला जाताना जुन्या लुगड्याच्या पट्टीने पोराला खांबाशी बांधायची, कडेपर्यंत पोचणार नाही इतकं आखूड. म्हणून मुलीला शाळेत जाता यायचं. निघताना ती गाठ ओढून बघायची आणि भावाला दम द्यायची, "रडायचं नाय. खिचडी आणते तुला."

आमच्या सोसायटीचं मन हेलावलं. एका वहिनींनी फोटो ग्रुपवर टाकला. "जनावरासारखं बांधतात हो!" खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. रविवारी चेअरमन, वहिनी आणि बिस्किटांचे दोन पुडे असं शिष्टमंडळ साइटवर गेलं. मीही गेलो.

"आधी कडेला कठडा लावायला सांगा," मी म्हणालो.

"भाऊ, तो टेक्निकल विषय आहे," चेअरमन म्हणाले.

सुपरवायझरने सगळ्यांदेखत आईला झापलं. "पुन्हा पोरगं बांधलेलं दिसलं तर सामान बाहेर फेकीन."

"मग पडंल ना तो, साहेब."

"पोरगी आहे ना सांभाळायला?"

मुलगी बिस्किटाचा पुडा धरून उभी होती. "माझी शाळा हाय," ती म्हणाली.

"किती गोड बोलते!" वहिनी म्हणाल्या.

पट्टी सुटली. ग्रुपवर अभिनंदन झालं. माणुसकी या शब्दापुढे तीन उद्गारचिन्हं पडली.

सोमवारपासून मुलगी खांबाला पाठ लावून बसू लागली, भाऊ मांडीत. मी शाळेतल्या बाईंना भेटलो. त्या भल्या होत्या, म्हणाल्या, भावालाही आणू दे वर्गात. हे आईला सांगितलं तर ती हसली. "मधी हायवे हाय ना, बाबा. त्याला काखेत घेऊन ही पळंल कशी?"

दिवाळीनंतर काम सातव्या मजल्यावर गेलं, त्यांचं बिऱ्हाडही. कठडा तिथेही नव्हता. एकदा मुलगी भावाला घेऊन नळावर आली, तेव्हा विचारलं, "शाळेत कधी जाणार?"

"हा मोठा झाला का."

मागून तिची आई हंडा घेऊन आली. तिला पुन्हा दिवस गेले होते.