वाळत घातलेल्या कपड्यांवरचे पिवळे ठिपके

आमच्या घरात गोष्टींच्या पुस्तकांआधी पत्रकं आली. काका चाकणच्या एका कारखान्यात कामगार संघटनेचं काम करायचे. कारखान्याच्या गेटवर होणाऱ्या द्वारसभेच्या आदल्या दिवशी पत्रकाचा मजकूर मला मोठ्यानं वाचायला लावत आणि स्वतः डोळे मिटून ऐकत. मध्येच हात वर करत. "थांब. हितं मालकाचा वकील बोट घालंल. काढ ह्ये वाक्य." मालकाच्या वकिलाला खोडता येईल असं एकही वाक्य पत्रकात ठेवायचं नाही, हे मी पाढ्यांच्या आधी शिकले.

आता मी ताथवड्याच्या एका कॉलेजात हवेतल्या सजीव कणांचा अभ्यास करते. परागकण, बुरशीचे बीजाणू, किड्यांच्या पंखांचा चुरा. परागकण ओल्या हवेत फुटतो, आतले बारीक तुकडे वर जातात, त्यांच्यावर वाफ धरते आणि त्यातून ढगाचा थेंब होऊ शकतो. हे मी कुणालाही तासभर सांगू शकते, पण ऐकायला कुणी नसतं. बरोबरच्या मैत्रिणी आयटीत गेल्या. आधी त्या विचारायच्या, "अजून धूळच गोळा करतेस का गं?" नंतर तेही विचारेनाशा झाल्या.

काका आता निवृत्त आहेत. चाकणजवळच्या त्यांच्या घराच्या गच्चीवर माझं एक यंत्र बसवलंय. छोटा पंप हवा ओढतो आणि व्हॅसलिन लावलेल्या पट्टीवर कण चिकटतात. दर रविवारी मी पट्टी बदलायला जायचे. काकू जेवल्याशिवाय सोडायची नाही. काका कंपन्यांना शिव्या घालायचे, मी त्यात भर घालायचे. आठवडाभरात पोटातलं बोलणं व्हायचं ते तेवढंच.

फेब्रुवारीच्या शेवटी त्यांचा फोन आला. "आगं, आभाळातनं इष पडतंय. ये लगोलग."

गेले तर सगळी गल्ली त्यांच्या गच्चीवर. काकांच्या पांढऱ्या सदऱ्यांवर, काकूच्या साड्यांवर, पाण्याच्या टाकीच्या झाकणावर मोहरीएवढे पिवळे ठिपके. नखानं खरवडले तर मेणासारखे निघत. पलीकडच्या नव्या कंपनीच्या पेंट शॉपचाच हा रंग, यावर सगळ्यांचं एकमत झालं होतं. शेजारचे दादा म्हणाले, "शास्त्रज्ञबाई, आता दाखवा जरा तुमच्या शिक्षणाचं पाणी. नुसतं काचेत बघत बसू नका."

मलाही कंपनीच हवी होती. सदऱ्यावरचा ठिपका काचपट्टीवर घेऊन त्यावर सूक्ष्मदर्शकाखाली कण उठून दिसावेत म्हणून गुलाबी रंगाचा थेंब सोडताना मनात पत्रकाचा मथळाही तयार होता.

सूक्ष्मदर्शकाखाली नुसते परागकण दिसले. एकेका ठिपक्यात तीनचार झाडांचे, एकत्र कालवलेले, आणि बरेचसे आतून रिकामे, जणू कुणी गर खाऊन टरफलं टाकलीत. वाऱ्यानं आलेले परागकण असे गोळ्या होऊन पडत नाहीत. ही मधमाश्यांची विष्ठा होती. गावच्या उंच टाकीखाली आग्या मोहोळं लटकलेली मी दर रविवारी बसमधून बघत होते. मी वेगवेगळ्या कपड्यांवरचे ठिपके तपासले. सगळीकडे तेच.

काकांना सांगितलं तेव्हा ते हसले. "माश्या हागल्या म्हंतीस?"

"हो काका."

"आन् मी काय लिहू? माश्यांनी राजीनामा द्यावा?"

काकू पदर तोंडाला लावून हसली. मीही हसले. मग काका हसायचे थांबले.

"हे बघ बाय. पेंट शॉपचा वास येतो का न्हाई? पोरं खोकत्यात का न्हाई? लोक पयल्यांदाच गोळा झाल्यात. तू निस्तं लिहून दे, तपास चालू हाय म्हनून. खोटं लिही म्हंत न्हाई मी."

"तपास संपलाय, काका. कंपनीचा वकील एक माणूस कामाला लावेल. तो हेच बघेल आणि तुमचं वासाचं, खोकल्याचं खरं म्हणणंही या खोट्याबरोबर कचऱ्यात जाईल. तुम्हीच शिकवलंत."

"तवा मागं संघटना व्हती. आता हाय काय हातात? राग हाय निस्ता. त्यो बी इझवतीस तू."

मी तसं लिहून सही दिली नाही. पत्रक निघालं, "आकाशातून विषारी रंग" अशा मथळ्याचं. सभेला मला कुणी बोलावलं नाही. पुढच्या रविवारी गेले तर काका बाहेर गेले होते. काकूनं चहा दिला, पण जेवायला थांब म्हणाली नाही. गच्चीवर गेले. खाली गल्लीत दादा कुणाला तरी सांगत होते, "कंपनीनं घेतली असंल विकत." मी पट्टी बदलली आणि मागच्या जिन्यानं उतरले.

त्या पट्टीवर परागकणांच्या मधोमध काळी काजळी होती. ती दर आठवड्याला असते. काजळी माशी टाकत नाही. कुणाची किती, हे मला सांगता येत नाही, कारण धुरांड्याशी जाऊन मोजायला कुठलीच कंपनी आत सोडत नाही. मी तेवढंच लिहिलं: ठिपके मधमाश्यांचे आहेत, काजळी मधमाश्यांची नाही, धुरांड्यातल्या धुराची रोजची मोजणी गेटवर फळ्यावर लावा. मजकूर खोलीत मोठ्यानं वाचला. कुणी हात वर करून थांबवलं नाही. मीच दोन वाक्यं काढली.

झेरॉक्स काढून त्या कंपनीच्या गेटवर उभी राहिले. पहिली शिफ्ट सुटली. लोक कागद घेत होते आणि न वाचता खिशात कोंबत होते. एक जण तेवढा थांबला. खांद्याला डब्याची पिशवी, बोली मराठवाड्याकडची. त्यानं पूर्ण वाचलं.

"कोन्त्या संघटनेचं हाय, ताई?"

"संघटना नाही."

"मंग एकट्याच?"

"एकटीच."

त्यानं कागद उलटून पाहिला. "मागून कोरा हाय. अजून दोन द्या की, पोरीला गणितं करायला व्हतील."

मी त्याला चार दिले.