वरचा नमुना

स्वतःच्या आजाराचा सौदा करणारा माणूस उभ्या मराठवाड्यात एकच होऊन गेला आणि तो माझ्या पत्नीचा मामा होता, असे मी आजही शपथेवर सांगेन. उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, मामांची आडत होती. पोत्यात खुपसून धान्याचा नमुना काढायची टोकदार लोखंडी परखी त्यांच्या हातात नसेल, तेव्हा ती त्यांच्या नजरेत असे. लग्नाच्या पंगतीत वाढलेली डाळ हुंगून तूर कोणत्या शिवारातली, हे ते शेजाऱ्याला सांगत. माझे स्थळ पाहायला आले, तेव्हा माझे शिक्षण आणि नोकरी यांची त्यांनी चौकशीही केली नाही. ते सरळ स्वयंपाकघरात गेले, कणगीतली ज्वारी मुठीत घेऊन तिचा वास घेतला आणि म्हणाले, "घर कोरडं हाय. द्या पोरगी." माझी पारख आयुष्यात इतक्या थोडक्यात पुन्हा कोणी केली नाही.

मोंढ्याचा एक अलिखित दंडक असतो. मालातली खोट विकणाऱ्याने सांगायची नसते, घेणाऱ्याने ती हुडकायची असते. मामांनी हा दंडक थेट आपल्या छातीला लावला. त्यांना दम लागे, खोकला येई, श्वास शिट्टी घाली. पण डॉक्टर म्हणजे खरेदीदार. त्याला आपण होऊन सगळे सांगणे हा त्यांच्या लेखी निव्वळ बावळटपणा होता. उदगीरच्या डॉक्टरांना त्यांनी फक्त तरुणपणी होऊन गेलेला क्षय सांगितला. डॉक्टर म्हणाले, जुन्या क्षयाची खूण आहे. मग मामा नांदेडला गेले आणि तिथे सांगितले, की लहानपणापासून तुरीचा भुसा उडाला की छाती वाजते. तिथे दमा ठरला. मामा खूश होऊन परतले. "बघा जावईबापू, एकाचा भाव दुसऱ्याशी जुळून राहिला न्हाई. म्हंजी माल चोख हाय, खरेदीदारच कच्चे." आतून मामी म्हणाल्या, "माल चोख हाय तर जिन्यात बसून का राहता मधीच?"

ते दुष्काळाचे दिवस होते. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि नव्या जिल्ह्याच्या कचेरीत माझी बदली झाली होती. मामांच्या घराण्याकडे शिवमंदिरातल्या श्रावणी सोमवारी शंख फुंकण्याचा मान होता. आदल्या श्रावणात मामांनी शंख ओठाला लावला आणि दम मध्येच तुटला. पाऊसही त्या वर्षी तसाच तुटला. मोंढ्यात मामांना सगळे आप्पा म्हणत; तिथला एक हमाल थट्टेने बोलून गेला, "आप्पा, तुमचा शंख अर्ध्यात बसला, म्हणून पावसानं बी बैठक मारली." सगळे हसले, मामाही हसले, पण रिकाम्या मोंढ्यात धूळ उडताना पाहिली की ते वाक्य त्यांना आठवत असावे. उन्हाळ्यात ते माझ्याकडे लातूरला आले आणि दारातच म्हणाले, "एवढा श्रावण निभला पायजे. मग काय बी होऊ द्या."

मी त्यांना छातीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. हे डॉक्टर चाकूरकडच्या शेतकरी घरातले, बोलायला सावकाश. मामांनी त्यांना तिसराच नमुना दाखवला: सकाळचा खोकला, बेडका आणि बिडी. डॉक्टरांनी एका नळीत जोराने फुंकायला लावले. नळीवरचा मापाचा काटा थोडा सरकून थांबला. मग औषधाचा फवारा दिला, काही वेळ बसवून ठेवले आणि पुन्हा फुंकायला सांगितले. काटा चांगलाच पुढे गेला, पण जिथे पोहोचायला हवा होता तिथवर गेला नाही. डॉक्टर काट्याकडे पाहत राहिले, मी डॉक्टरांकडे. दुसऱ्याच्या देहात दडलेले असे कोणी शोधत असताना मला वाटलेले कुतूहल शोभणारे नव्हते, हे कळत होते. तरी नजर हटत नव्हती.

"नुसत्या बिडीनं कोंडलेली छाती औषधानं सहसा इतकी मोकळी होत नाही," डॉक्टर म्हणाले. "आणि नुसता दमा असता, तर याहून मोकळी झाली असती. छातीच्या फोटोत वर चट्टाही दिसतोय. आप्पा, काय लपवलंय?"

"लपवलं न्हाई साहेब. नमुना दाखवला."

डॉक्टर हसले. "मोंढ्यात तुम्ही पोत्याचा नमुना कुठून काढता?"

"वरून, मधून आन् बुडातून."

"मग मलाच वरचा का?"

 आडतीत मामांना कोणी असे पकडले नव्हते. ते हळूच म्हणाले, "लिहा." आणि त्यांनी क्षय, भुसा, बिडी, शिट्टी, जिना, सगळे सांगितले; शेवटी शंखही. डॉक्टर म्हणाले, "उदगीरचेही बरोबर, नांदेडचेही बरोबर. दमा आहे, त्यावर बिडीचा आजार चढलाय, खाली क्षयाचा जुना व्रण आहे. मिसळीचा माल आहे, आप्पा. औषधानं दमा आवरेल. बिडी सोडलीत तर दुसरा आहे तिथं थांबेल. गेलेलं मात्र परत येणार नाही."

"म्हंजी शंख?"

"फुंका. लांबवू नका."

बिडी सुटली. सोडताना मामांनी मामींशी जी भांडणे केली, ती मोंढ्यापर्यंत ऐकू जात. श्रावणात मी मुद्दाम उदगीरला गेलो. मामांनी फवारा घेतला, शंख उचलला. आवाज आखूड निघाला, थोडा चिरका. पण तुटला नाही. त्यांनी आपण होऊन तो खाली ठेवला. पाऊस त्या दिवशी आला नाही. तोच हमाल पायरीवर उभा होता. म्हणाला, "आप्पा, निघाला की आवाज!" मामा श्वास गोळा करीत म्हणाले, "वरचा न्हवं रे. बुडातला हाय."

मामांना जाऊन आता पुष्कळ वर्षे झाली. पन्नाशी ओलांडल्यापासून मलाही लोक प्रकृती विचारतात. सवयीने "ठीक आहे" म्हणायला तोंड उघडतो आणि कुठूनतरी पोत्यात परखी शिरल्याचा तो बारीक करकर आवाज येतो. मग विचारणारा खरेच थांबला आहे का, हे पाहतो. आणि तो थांबला असेल, तर बुडातले थोडे सांगतो.