नव्वदचा धागा आणि सरांचं पुस्तक

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. भाजीवाल्याने न मागता कोथिंबिरीची जुडी जास्त टाकली, तर मी घरी येऊन पिशवी उलटी करून बघते. त्यामुळे आमच्या विभागप्रमुख सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं, बसा म्हटलं आणि वर चहा मागवला, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. एवढ्या वर्षांत या माणसाने मला कधी पाणी विचारलं नव्हतं.

मी सुरतेतल्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवते. करारावर. म्हणजे दर उन्हाळ्यात माझी नोकरी संपते आणि जूनमध्ये सरांच्या मनात आलं तर पुन्हा सुरू होते. त्या वर्षी मात्र विभागात एक कायमची जागा भरायची होती, आणि मुलाखत घेणाऱ्यांत सर बसणार होते. मला ती जागा हवी होती. उगाच साधेपणाचा आव आणत नाही, फार हवी होती. दर जूनला त्या केबिनच्या दाराशी हसरं तोंड करून उभं राहायचा मला वीट आला होता.

चहा आला. सरांनी टेबलावर स्पायरल बाइंडिंग केलेला एक जाडजूड गठ्ठा ठेवला. "बेन, आ मारी बुक छे. फर्स्ट इयर माटे. तमे जरा जोई लो ने." पुस्तक सगळ्या कॉलेजांना लागू व्हायचं होतं, आणि त्याआधी तो विषय प्रत्यक्ष शिकवणाऱ्या कोणाचा तरी लेखी अभिप्राय लागत होता. "तमारा जेवुं झीणवटथी कोई जोतुं नथी," सर म्हणाले. माझ्याइतकं बारकाईने कोणी बघत नाही म्हणे! हे त्यांना आजच कळलं होतं. कायम नोकरीतली दोन माणसं बाजूच्याच खोलीत बसून मोबाइल बघत होती, त्यांना का नाही दिलं? कारण उघड होतं. ज्याची मान आपल्या हातात आहे, तो मान डोलावतोच.

आमच्या मराठी वस्तीत, नवागामला घरी आले तर आई दारात बसून साड्यांचे धागे कापत होती. एम्ब्रॉयडरीची साडी मशीनवरून येते तेव्हा तिच्या उलट्या बाजूने धागे लोंबत असतात, ते कापून द्यायचे. आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायका हेच काम करतात. मी तिला सगळं सांगितलं. तिने कात्री थांबवली नाही. "च्या पाजा तुले?" ती तिच्या अहिराणीत म्हणाली. "मंग कायतरी शे." म्हणजे काहीतरी आहेच.

पुस्तक बघायची माझी रीत याच दारातून आलेली आहे. लहानपणी आईच्या शेजारी बसून मी साड्या उलट्या धरल्यात. सुलट बाजूने सगळ्याच साड्या देखण्या असतात. तसं मी पुस्तक मागून उघडते. प्रस्तावना, रंगीत आकृत्या, नव्या अभ्यासक्रमानुसार असं ठसठशीत लिहिलेलं मुखपृष्ठ, यातलं काही मी बघत नाही. आधी शेवटची उत्तरं, मग ती उत्तरं ज्या गणितांची आहेत ती गणितं, आणि धडा सगळ्यात शेवटी. उत्तरं लिहिताना माणूस कंटाळलेला असतो, आणि कंटाळलेला माणूस लपवाछपवी नीट करत नाही.

रविवारी जेवणं उरकल्यावर मी बसले. खरं सांगू? मला ते पुस्तक वाईट निघायला हवं होतं. आणि सुरुवात तर झकास झाली. एका गणितात गाडीचं वजन बदललेलं, पण उत्तर जुन्याच वजनाचं. म्हणजे गणित कुठून तरी उचलून आकडा फिरवला, आणि मागचं उत्तर फिरवायचं विसरले. गुरुत्वाचा आकडा एका धड्यात नऊ पॉइंट आठ, पुढच्यात सरळ दहा. टॉर्कचं चिन्ह धड्याच्या मध्येच बदललं, म्हणजे अर्धा धडा एकीकडचा आणि अर्धा दुसरीकडचा. संवेगाच्या धड्यात दोन माणसं बर्फावर घसरत एकमेकांना ढकलत होती. आमच्या पोरांनी बर्फ बघितलाय तो गोळेवाल्याच्या गाडीवर! जिथे मुलं अडतात, नेमक्या त्याच पायरीवर "हे उघड आहे" असं लिहून पुस्तक पुढे निघून जात होतं. मी पेन्सिलीने खुणा करत होते आणि मनातून खूश होत होते.

मग लहरींचा धडा आला, आणि तो चांगला होता.

म्हणजे इतका चांगला, की मला आधी रागच आला. भाषा सोपी. कुठे थांबायचं, कुठे पुन्हा सांगायचं, सगळं जिथल्या तिथे. ताणलेल्या तारेवरून लहर किती वेगाने जाते हे समजावताना पुस्तकात गिटार नव्हती, लूमवरचा धागा होता. सुरतेतल्या पुस्तकात अखेर सुरत आली होती. हे सरांनी लिहिलं? वर्गात डोळे मिटून जुन्या नोट्स वाचून दाखवणाऱ्या सरांनी? छे! मी धडा तिथेच सोडून उदाहरणाच्या उत्तरावर गेले.

उदाहरण असं होतं: नव्वद डेनियरचा धागा आहे, त्यावर ताण इतका, तर लहरीचा वेग काढा. डेनियर म्हणजे नऊ हजार मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन, हे आमच्याकडे पोरंसुद्धा सांगतात. आकडे इतके सोयीचे घेतले होते, की उत्तर सरळ सेकंदाला शंभर मीटर यायला हवं. तोंडी येतं. पुस्तकात उत्तर होतं एकाहत्तर.

मी मोठ्याने हसले. आई आतून म्हणाली, "काय व्हयनं व?" मी म्हटलं, चोर सापडला. गणित पायरीपायरीने बघितलं. दुसऱ्याच ओळीत मीटरमागचं वजन दुप्पट झालेलं होतं. मधेच एक दोन घुसला होता. वर नाही, खाली नाही, कसलं स्पष्टीकरण नाही. हा दोन कुठून आला? मी त्या दोनाभोवती पेन्सिलीने गोल केला, आणि गोल पुरा व्हायच्या आत माझा हात थांबला.

तो दोन मला माहीत होता.

माझे वडील जवळच्या कडोदऱ्याला एका खात्यात, म्हणजे यंत्रमागांच्या कारखान्यात, लूम चालवायचे. त्या खात्यात नव्वदचा धागा कधी एकेरी आलाच नाही, दोन धाग्यांना पीळ देऊन दुहेरी केलेलाच यायचा. पण म्हणताना सगळे नुसतं नव्वद म्हणायचे. आमच्या घरात नव्वद म्हणजे दुहेरी, यात सांगण्यासारखं काही नव्हतंच. आणि हे उदाहरण मी केलेलं होतं. गिटार न बघितलेल्या माझ्या नवागाम-दिंडोलीच्या पोरांसाठी मीच ते फळ्यावर मांडलं होतं, दरवर्षी मांडत होते. फळ्यावर नव्वद लिहायचं आणि हाताने आपोआप दोनाने गुणायचं. तोंडाने "धागा डबल आहे रे" म्हणत असेन, किंवा नसेनही. पोरं फळ्याचे फोटो काढतात, ग्रुपवर टाकतात. त्या ग्रुपवर सर आहेत.

पुन्हा धडा वाचला, या वेळी पहिल्यापासून. दोरीला झटका देऊन दाखवण्याचा तो प्रसंग माझा. "इथे मुलं गोंधळतात, म्हणून पुन्हा पाहू" हे वाक्य माझं. तळपायाची आग मस्तकाला गेली. माझं छापलेलं असं कुठेच काही नाही. जे आहे ते फळ्यावर लिहिलं आणि तास संपला की पुसलं. मुलाखतीत "तुम्ही काय लिहिलंय?" असं विचारतात, तेव्हा मी दरवेळी खाली बघते. आणि इथे माझा अख्खा धडा दुसऱ्याच्या नावाने छापायला निघाला होता, आणि तो चांगला आहे असं लिहून द्यायला मलाच बसवलं होतं.

आता गंमत बघा. वाक्यं कोणाचीही असू शकतात. दोरीला झटका जगभर सगळेच देतात. तो धडा माझा आहे हे दाखवणारी एकच गोष्ट त्या पुस्तकात होती, ती म्हणजे तो चुकीचा दोन. दुसऱ्या कोणाच्या हातून ती चूक होऊच शकत नव्हती.

मी दोन दिवस नुसती चिडचिड केली. तो दोन तसाच ठेवावा, पुस्तक छापू द्यावं, आणि मग सगळ्यांसमोर विचारावं, सांगा सर, हा कुठून आणलात? विचार करून बरं वाटायचं. पण मग डोळ्यांपुढे पोरं यायची. सगळ्या कॉलेजांतली पोरं ते एकाहत्तर पाठ करणार, एखादी हुशार मुलगी शंभर काढणार आणि आपलंच चुकलं म्हणून खोडणार. हे मला सहन होईना. दुसरा मार्ग सरळ जाऊन बोलायचा. त्याची मला भीती वाटली. जागा त्यांच्या हातात होती, ती मला घालवायची नव्हती.

म्हणून मी मधला रस्ता काढला, आणि मधला रस्ता नेहमी खड्ड्यात जातो हे मला कळायला हवं होतं. अभिप्रायात मी बाकीच्या सगळ्या चुका दाखवल्या, लहरींचा धडा उत्तम आहे असं लिहिलं, आणि धाग्याच्या उदाहरणापुढे लिहिलं: छपाईची चूक दिसते, उत्तर शंभर हवं. खाली सही. सर वाचून म्हणाले, "बहु सरस, बेन." मी त्यांच्या चेहऱ्याकडे निरखून बघत होते. धडा माझा आहे हे त्यांना ठाऊक होतं, की कोणी तरी फोटोवरून टाइप करून दिलं आणि यांनी वाचलंही नाही? चेहऱ्यावर काही म्हणजे काही दिसलं नाही.

पुस्तक छापून आलं. नंतर मुलाखती लागल्या. टेबलापलीकडे सर, प्राचार्य आणि बाहेरगावचे एक तज्ज्ञ. तज्ज्ञांसमोर सरांचं नवंकोरं पुस्तक, भेट दिलेलं असणार. नेहमीचे प्रश्न झाले. मग तज्ज्ञ हिंदीत म्हणाले, "कुछ पढ़ाकर दिखाइए. कुछ अपना."

आपलं! दुसरं काहीही घेता आलं असतं. घरून तयारी दुसऱ्याच विषयाची करून गेले होते. पण तो शब्द ऐकला आणि माझं डोकं फिरलं. मी फळ्यावर धागा काढला. नव्वदचा धागा आमच्याकडे दुहेरी कसा असतो, तो घरी सगळे कसा नव्वदच म्हणतात, हे सांगितलं, वजन दुप्पट घेतलं आणि उत्तर काढलं, एकाहत्तर. छान शिकवलं मी. खडू खाली ठेवताना मला माहीत होतं की छान झालंय.

तज्ज्ञ पुस्तकाची पानं चाळत होते. "यह तो सर की किताब का उदाहरण है," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, नवल होतं. "और किताब में जवाब सौ है."

"ते उदाहरण माझं आहे," मी म्हटलं. मराठीतच बोलून गेले. मग हिंदीत पुन्हा सांगितलं, आणि सरांकडे वळले. "सर, तुम्ही मला दिलेल्या पहिल्या प्रतीत एकाहत्तर होतं. वजनाची दुप्पट केली होती. तो दोन कुठून आला होता, तेवढं सांगा."

सरांनी चष्मा काढला, पुसला. मला वाटलं, आता हा माणूस अडकला. त्यांनी फाइल उघडली, एक कागद काढला आणि तज्ज्ञांपुढे सरकवला. "टाइपिंगनी भूल हती," ते शांतपणे म्हणाले. "बेने ज पकडी हती. जुओ, एमनी सही छे."

तज्ज्ञांनी माझा अभिप्राय वाचला. छपाईची चूक दिसते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यात दया होती. त्याचाच मला सगळ्यात जास्त संताप आला. प्राचार्य म्हणाले, ठीक है, थँक यू. मी ओरडायला हवं होतं. मी फळा पुसला, सवयीने, आणि बाहेर आले.

बाहेर बाकावर पुढचा उमेदवार बसला होता, तरुण, इस्त्रीच्या शर्टात, मांडीवर सरांचं पुस्तक. तो धडपडून उठला. "मॅडम, आत काय विचारतात?"

"धाग्याचं उदाहरण आहे ना," मी म्हटलं, "त्यात दोन कुठून आला, ते विचारतात."

तो बिचारा घाईघाईने ते पान काढून, मीच खोडायला लावलेला दोन शोधायला लागला.