हललेल्यांचा डबा

बसवनगुडीच्या गांधी बझारात मल्हाररावांचा फोटो स्टुडिओ होता आणि त्यात एकच कायदा चालत असे: हलायचं नाही. गिऱ्हाईक स्टुलावर बसलं की मल्हारराव दोन बोटांनी त्याची हनुवटी वर करत, दोन्ही कान दिसतात का पाहत आणि म्हणत, "आता श्वासही नको." मग गिऱ्हाईक जांभळं पडेपर्यंत वाट पाहत. त्यांचं बोट बटणावर टेकलेलं असे, पण समोरच्याची पापणी जरी लवली तरी ते आपोआप वर उचललं जाई. छत्तीस वर्षांत त्या बोटाला एवढंच शिकवलं गेलं होतं.

भिंतीवरच्या खिळ्याला एक राखी कोट आणि आधीच गाठ मारून ठेवलेला काळा टाय कायमचा टांगलेला असे. पासपोर्टच्या फोटोसाठी आलेल्या पोरांनी तो चढवायचा आणि जाताना काढून ठेवायचा. साल १९९६. कॉम्प्युटर शिकलेल्या पोरांची परदेशी जायची अशी रीघ लागली होती, की अर्धी बसवनगुडी त्या एका कोटात अमेरिकेला पोचली. कोट मागून उसवलेला होता, पण पासपोर्टात पाठ दिसत नाही.

एवढं बजावूनही जी माणसं हललीच, त्यांच्या निगेटिव्ह एका पत्र्याच्या बिस्किटांच्या डब्यात जात. डब्यावर 'हलले' असं लिहिलेलं होतं. निगेटिव्ह फेकायची नाही अशी वडिलांची ताकीद होती, म्हणून तो डबा. नाहीतर त्या लोकांबद्दल मल्हाररावांना काडीची दया नव्हती.

या कायद्याला पहिला सुरुंग लावला तो त्यांच्या नातीने, वयाच्या बाराव्या दिवशी. रविकिरणच्या, म्हणजे त्यांच्या मुलाच्या, लेकीचं बारसं होतं. नाव आश्लेषा ठेवलं. आजोबा कॅमेरा घेऊन पाळण्यापुढे उभे राहिले आणि बाळ हातपाय झाडत राहिलं. पाऊण तास झाला. पानं वाढून तयार होती, चाळीस पाहुणे ताटकळले होते, आणि आजोबांचं बोट काही खाली येत नव्हतं. तेव्हा नरसिंहरावांनी तोंड उघडलं.

नरसिंहराव म्हणजे तुंगाबाईंचे थोरले भाऊ. तुंगाबाई म्हणजे मल्हाररावांच्या पत्नी. विमा कंपनीतून निवृत्त झालेला सरळ माणूस. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या पत्नी गोदूबाई वारल्या, तेव्हापासून त्यांनी एक दुर्बीण आणि पक्ष्यांवरचं एक जाडजूड पुस्तक घेतलं होतं आणि जो भेटेल त्याला पक्षी समजावून सांगत सुटले होते. ते म्हणाले, "दाजी, जे हलत नाही त्याचाच फोटो तुम्हाला जमतो. आपल्या तळ्यावर राखी बगळा येतो. तो मासा टिपतो ना, त्या क्षणाचा एक फोटो काढून दाखवा. मग तुम्हाला फोटोग्राफर म्हणेन."

चाळीस माणसं हसली. तुंगाबाईही पदराआड हसल्या, आणि मल्हाररावांना तेच जास्त लागलं.

संध्याकाळी त्यांनी स्टुडिओ उघडला आणि दर्शनी काचेमागच्या मोठ्या चौकटीतला फोटो काढून टाकला. तो नरसिंहराव आणि गोदूबाईंच्या लग्नाचा होता, १९६१ सालचा. नवरा-नवरी दोघंही ताठ, चार डोळे जागच्या जागी. मल्हाररावांच्या मते अख्ख्या म्हैसूर राज्यात त्या वर्षी एवढं स्थिर जोडपं कुणी टिपलं नव्हतं. त्या लग्नात फोटो काढायला गेलेले मल्हारराव पुढच्याच वर्षी त्या घरचे जावई झाले होते. पण राग आला की माणूस उपकार विसरतो. रिकाम्या चौकटीत त्यांनी कन्नडमध्ये पाटी लावली: 'लवकरच येत आहे, मासा पकडणारा बगळा.'

दुसऱ्या दिवशी शेजारचे भीमाचार्य आले. त्यांचं पूजासाहित्याचं दुकान. गांधी बझारात, देवळाच्या वाटेवर मासा येत आहे म्हणजे काय, हा त्यांचा सवाल होता. बगळ्याला त्यांची हरकत नव्हती. बरीच घासाघीस होऊन शेवटी पाटी बदलली: 'लवकरच येत आहे, काहीतरी पकडणारा बगळा.'

मग मल्हारराव रोज उजाडता उजाडता तळ्यावर जाऊ लागले. जुना जपानी कॅमेरा, कुणाकडून तरी स्वस्तात घेतलेली हातभर लांब लेन्स आणि तिच्याखाली तीन पायांचं तिकाटणं. तळं लहानच, एका काठाला कल्लाप्पा धोब्याचा दगड. तिकाटणं लावून डोळा बारीक करणारा माणूस पाहून कल्लाप्पाने ओळखलं की हा सर्व्हेवाला, तळं बुजवून इथे बसस्टँड करणार. त्या काळी बेंगळुरात ही शंका वेडेपणाची नव्हती. बगळ्याचा फोटो काढायला आलोय, असं मल्हाररावांनी सांगितलं, तेव्हा त्याची खात्रीच पटली, कारण एवढं फुसकं कारण खरा बगळेवाला देणार नाही. तो रोज चहा आणून देऊ लागला आणि जाताना हळूच सांगू लागला, "सार, माझा दगड तेवढा सोडून मोजा."

आणि बगळा. मल्हाररावांनी लेन्समधून त्याला पहिल्यांदा जवळून पाहिलं आणि ते गहिवरले. राखी अंग, गळ्यावर काळ्या रेघा. स्टुडिओतला कोट आणि टाय घालूनच तो आला होता. गुडघाभर पाण्यात एका पायावर उभा. दहा मिनिटं झाली, वीस झाली, पीस हललं नाही. धोब्याने दगडावर चादर आपटली तरी डोळा लवला नाही. असं गिऱ्हाईक त्यांना आयुष्यात मिळालं नव्हतं. ते फोटो काढत राहिले.

आठवड्याने रोल धुतला. छत्तीस फोटोंतले तेवीस बगळ्याचे, सगळे ताठ, मान सरळ, नजर समोर. उरलेल्या तेरांत नुसतं पाण्यावर उठलेलं वर्तुळ, किंवा मासा गिळून पुन्हा ताठ झालेला बगळा, आपण काही केलंच नाही अशा चेहऱ्याचा. तुंगाबाईंनी फोटो उजेडाला धरून एकेक पाहिले.

"याला व्हिसा मिळेल," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या रोलची तीच गत झाली, तिसऱ्याचीही. बगळ्याची मान सुटली की इकडे मल्हाररावांचं बोट वर उचललं जायचं. ते बोटाला शिव्या देत, उन्हाला देत, लेन्सला देत. चौकट रिकामीच राहिली. गांधी बझारातली माणसं काय पकडलं म्हणून विचारू लागली.

एका दुपारी जेवताना तुंगाबाईंनी भावाचा विषय काढला, "अण्णा रोज संध्याकाळी भाजीला गांधी बझारात का यायचा, ठाऊक आहे?"

मल्हाररावांना ठाऊक नव्हतं. भाजी घ्यायला, दुसरं काय.

"त्याच्या दारात भाजीवाली बसते. तो वहिनीला बघायला यायचा, तुमच्या काचेत. घरच्या आल्बमला वाळवी लागली, त्याच्याकडे लग्नाचा एक फोटो उरलेला नाही. आता महिना झाला, अण्णा इकडे फिरकलेला नाही."

मल्हाररावांचा घास हातातच राहिला. त्यांना स्वतःची अशी लाज वाटली, की ताकभात न खाताच ते उठले. आता फोटो परत चौकटीत लावायचा, एवढंच तर काम होतं. कुणीही शहाणा माणूस दोन मिनिटांत करून मोकळा झाला असता. पण फोटो परत लावणं म्हणजे चाळीस माणसांपुढे हात टेकणं, आणि ते मल्हाररावांच्या रक्तात नव्हतं. आधी बगळा, मग त्याच दिवशी शेजारी लग्नाचा फोटो, असं त्यांनी ठरवलं. म्हणजे आता बगळा मिळालाच पाहिजे होता, आणि तोही लौकर.

तुंगाबाईंनी बोटाचं शिक्षण हाती घेतलं. सकाळी त्या दोसे घालत आणि मल्हारराव रिकामा कॅमेरा घेऊन ओट्यापाशी उभे राहत. उलथनं हललं की बटण दाबायचं. पहिले चार दिवस दोसा उलटून, भाजून, पानात पडेपर्यंत बोट जागचं हललं नाही. मग कधीतरी ते सुटलं, आणि सुटलं ते असं की आवरेना. पंखा फिरला, दाबलं. दारावरून मांजर गेलं, दाबलं. आश्लेषाने जांभई दिली, दाबलं. "सरी, जमलं, आता जा," तुंगाबाई म्हणाल्या, "आणि अण्णाला साक्षीला घेऊन जा. मी निरोप दिलाय."

नरसिंहराव गळ्यात दुर्बीण आणि खांद्यावर टॉवेल टाकून आले. रस्ताभर दोघं फक्त हवेविषयी बोलले. तळ्यावर येताच नरसिंहरावांनी बगळ्याच्या सवयी सांगायला घेतल्या, तेव्हा मल्हाररावांनी त्यांना पलीकडच्या काठावर, कल्लाप्पाच्या दगडावर नेऊन बसवलं. बगळा त्या दगडापुढेच चार पावलांवर उभा होता; आपटणाऱ्या चादरींना तो सरावला होता, त्यामुळे त्याने बसलेल्या म्हाताऱ्याची दखलही घेतली नाही. "काही झालं तरी हलू नका," मल्हाररावांनी बजावलं. नरसिंहरावांनी शाळकरी पोरासारखी मान डोलवली.

पण नव्या बोटाने घात केला. बेडकाने उडी मारली, बोट पडलं. वाळत घातलेली चादर फडफडली, बोट पडलं. कल्लाप्पा चहा घेऊन आला, त्याचेही दोन निघाले. तासाभरात पस्तीस फोटो संपले आणि एक उरला. मल्हाररावांनी डावा हात उजव्या मनगटावर दाबून धरला आणि श्वास रोखला. छत्तीस वर्षं दुसऱ्यांना सांगितलेलं त्यांनी पहिल्यांदा स्वतः केलं.

बगळ्याची मान हळूच मागे गेली. पाण्याखाली काहीतरी चमकलं. ते पलीकडून नरसिंहरावांना आधी दिसलं, आणि पक्ष्यांच्या पुस्तकाची चारशे पानं पाठ असलेला तो माणूस दोन्ही हात वर करून दगडावरून उसळला. हालचालीसरशी लेन्स तिकडे वळली. बोट पडलं. चोच पडली. बगळा मासा घेऊन उडाला आणि झाडांवरून निघून गेला. हे सगळं एकाच दमात झालं.

नरसिंहराव अर्धं तळं वळसा घालून धापा टाकत आले. त्यांचा चेहरा फुलला होता. "मिळाला का, दाजी? माझ्यामुळे काही बिघडलं नाही ना?"

मल्हाररावांना काय ते कळलं होतं. त्यांना ओरडायचं होतं. पण त्या चेहऱ्याकडे पाहून ते एवढंच म्हणाले, "बघू, धुतल्यावर कळेल."

डार्करूमच्या लाल उजेडात कागदावर हळूहळू चित्र उमटलं. मधोमध नरसिंहराव, दोन्ही पाय दगडापासून सुटलेले, हात आभाळात, टॉवेल उडालेला, तोंड सताड उघडं. खालच्या कोपऱ्यात राखी पंखाचं एक टोक. मल्हाररावांनी कपाळावर हात मारला आणि सवयीने तो 'हलले' डबा काढला. निगेटिव्ह आत टाकताना तळाशी एक पिवळं पाकीट दिसलं. त्यावर त्यांच्याच तरुणपणच्या अक्षरात तारीख होती, १९६१ ची.

त्यांना आठवलं. त्या लग्नात जोडफोटो दोनदा काढावा लागला होता. पहिल्या वेळी त्यांनी श्वासही नको म्हटलं, नवरदेवांनी आज्ञाधारकपणे गाल फुगवून धरले, आणि ते बघून नवरीला हसू फुटलं. नेमकं तेव्हाच बोट पडलं होतं. मग मल्हाररावांनी नवरीला सगळ्यांदेखत दटावलं होतं आणि दुसरा काढला होता, तो काचेतला. पहिला पस्तीस वर्षं डब्यात पडून होता. त्यांनी तो कागदावर उतरवला. मुंडावळ्या उडालेल्या, मान नवऱ्याकडे वळलेली, चेहरा किंचित पुसट, आणि तरीही गोदूबाई. मल्हारराव कितीतरी वेळ त्या ओल्या कागदाकडे बघत उभे राहिले.

सकाळी त्यांनी पाटी काढली आणि मोठ्या चौकटीत दोन फोटो शेजारी शेजारी लावले. डावीकडे उडालेले नरसिंहराव, उजवीकडे हसणाऱ्या गोदूबाई आणि गाल फुगवलेला नवरदेव. भीमाचार्य येऊन पाहून गेले. मासा कुठेही नाही, याबद्दल त्यांनी समाधान व्यक्त केलं.

संध्याकाळी नरसिंहराव पिशवी घेऊन आले. काचेपुढे उभे राहून त्यांनी आधी एक फोटो पाहिला, मग दुसरा. शेवटी त्यांनी विचारलं, बगळा कुठे आहे. मल्हाररावांनी बाहेर येऊन कोपऱ्यातलं पंखाचं टोक बोटाने दाखवलं. नरसिंहरावांनी तिकडे धड पाहिलंही नाही.

"हा दुसरा फोटो मला कधी दिला नव्हता, दाजी."

"त्यात वहिनी हलल्या होत्या," मल्हारराव म्हणाले. "म्हणून डब्यात टाकला. चुकलं माझं."

"ती हलायचीच," नरसिंहराव म्हणाले. "तीन वर्षं रोज येऊन मी त्या ताठ फोटोत तिला शोधत होतो. सापडत नव्हती."

मल्हारराव आत गेले, गिऱ्हाइकाचं स्टूल उचलून बाहेर आणलं आणि काचेपुढे ठेवलं. नरसिंहराव त्यावर बसले, पिशवी मांडीवर घेऊन. दुकानं बंद व्हायच्या सुमाराला ते उठले आणि भाजी न घेताच घरी गेले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तीच पिशवी घेऊन ते पुन्हा आले, तेव्हा स्टूल आधीच बाहेर ठेवलेलं होतं.