धुळाजीचा पांढरा कळप

नव्याण्णव साली आमच्या गल्लीत एक बातमी फिरत होती: धुळाजी रात्री बियाण्याच्या गोदामात उंदीर सोडतो आणि सकाळी त्याच गोदामाच्या मालकाला उंदराचं औषध विकतो. बातमी इतकी झकास, की ती खोटी निघाल्याचं मला मनापासून वाईट वाटलं. धुळाजी जालन्याच्या एमआयडीसीत बियाण्याच्या कारखान्यात पोती उचलायचा. औषध विकायला जीभ लागते, ती त्याच्याकडे नव्हती. उंदीर मात्र होते, घरातच. पण पांढरे, लाल डोळ्यांचे, औषधशास्त्राच्या एका कॉलेजात प्रयोगाला लागतात ते. त्यांची पिल्लं हा पुरवायचा. गोदामात सोडले असते तर ते बिचारे पोत्यांना घाबरून पायीपायी घरी परत आले असते.

धुळाजी सहा फुटी, मिशा ओठावर खार बसल्यासारख्या. बापाची मेंढरं होती. बाप गेला, मेंढरं विकली, गडी शहरात आला. तेलाचे डबे आडवे करून, तोंडाला जाळी ठोकून, आत लाकडाचा भुसा पसरून त्यानं जो संसार मांडला, त्याला तो ‘कळप’ म्हणायचा. कामावरून आला की चहाच्या आधी डब्यांसमोर उकिडवा बसून “हुर्र, हुर्र” करायचा. बायको आसराबाई म्हणायची, “माझ्याशी इतकं गोड बोलले असते तर मी बी भुशात झोपले असते.”

त्या पावसाळ्यात कळप म्हातारा झाला, माद्यांना पिल्लं होईनात. कॉलेजातला साहेबराव मोटारसायकलवर आला, तीन तरण्या माद्या देऊन म्हणाला, “जुन्यात मिसळल्या तर ठीक. रविवारी बघायला येतो. भांडत असल्या तर माझ्या माद्या परत नेतो अन् परतूरच्या माणसाला काम देतो.”

धुळाजीनं त्या थेट जुन्यांत सोडल्या. सवत आल्यावर घरात काय होतं ते डब्यात झालं. केस उपटले गेले, शेपट्या चावल्या गेल्या. नव्यांना कसंबसं वेगळं काढून हा भिंतीला टेकून बसला, ताटाला हात लावीना.

मी डोकावलो. “काय धुळाजी, कुणी गेलं का काय?”

“कळप मोडतो, भाऊ. एकदा मोडल्याला पाह्यलाय. पुन्हा न्हाई पाहवणार.”

मी थट्टा गिळली. माझ्या पोटात ती फार वेळ राहत नाही, पण तेवढा वेळ राहिली.

चुलीपाशी बसलेल्या आसराबाईनं टोमणा टाकला, “मेंढरामागं वाढलेले तुम्ही. मामंजी बाजारातून नवी मेंढरं आणायचे तवा काय करायचे, इसरले जणू?”

मामंजींची रीत अशी, की नवी-जुनी सगळी मेंढरं उभी करून पाठीवर हळदीचं पाणी टाकायचं. सगळ्यांना एकच वास, मग परका कोण हेच कळत नाही.

धुळाजी उठलाच. डबा घासून धुतला, ताजा भुसा टाकला, पातेल्यात हळद कालवली आणि एकेकाला धरून लावायला बसला. पण हाताला अंदाज मेंढराचा, पुढ्यात जनावर बोटभर. पाठीची हळद मिशांपासून शेपटीपर्यंत गेली.

“आवो, बास,” आसराबाई म्हणाली, “त्याच्यात आमटी न्हाई करायची.”

सगळे एकदम डब्यात सोडले. भांडायला कुणाला सवड नव्हती, जो तो अंग चाटत बसला, मग एकमेकांचं चाटू लागला. सकाळी पाहिलं तर सगळे एकावर एक गाढ झोपलेले, परातीत काढलेल्या भज्यांसारखे.

रविवारी साहेबराव आला. वाकला, तसाच वाकलेला राहिला.

“हे काय करून राह्यला तू?”

“मिसळल्या,” धुळाजी म्हणाला.

“मी पांढऱ्या दिल्त्या.”

“आतून पांढऱ्याच हायेत. धा-बारा रोजात उतरंल रंग.”

“कॉलेजात सांगू काय मी? काढ माझ्या तीन माद्या, मी चाललो परतूरला.”

धुळाजीनं निमूट जाळी उघडली. साहेबरावानं एक उचलली, उलटीपालटी करून पाहिली, ठेवली. दुसरी उचलली. ती पहिलीच होती की काय, असा चेहरा करून तीही ठेवली. मग हात तसाच डब्यावर धरून उभा राहिला.

धुळाजी म्हणाला, “साहेबराव, आपली कोण अन् परकी कोण, हे त्यांचं त्यांनाच कळंना झालंय. तुम्हाला कळत असंल तर घ्या वेचून.”