चिकटवलेले पाय

दातांच्या कारखान्यात तिला सगळे भिंगताई म्हणत. कारखाना म्हणजे एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावरच्या तीन खोल्या. एकीत प्लास्टरचे साचे, दुसरीत मेणाचं काम, तिसरीत घासणं आणि चकाकवणं. शहरातले दंतवैद्य जबड्यांचे ठसे पाठवायचे आणि इथून कवळ्या तयार होऊन जायच्या. भिंगताई मधल्या खोलीत, खिडकीशी बसायची. डोक्याला पट्ट्यानं बांधलेलं भिंग, हातात केसाएवढ्या टोकाचा चिमटा, आणि समोर कधीही न पाहिलेल्या माणसाच्या तोंडातले दात. एकतीस वर्षं तिनं हेच केलं होतं. मालक नव्या कामगारांना सांगायचे, "घाई शिकायची असेल तर माझ्याकडे या, धीर शिकायचा असेल तर ताईंकडे बसा."

तिनं लग्न केलं नव्हतं. आई गेली तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती आणि भाऊ चौदाचा. त्याचं शिक्षण, त्याचं दुकान, त्याचं लग्न, सगळं तिनंच निभावलं. मग तळमजल्याच्या दोन खोल्यांत ती एकटी राहू लागली. घरामागे सहा पावलं लांब आणि चार पावलं रुंद अशी जमिनीची पट्टी होती. तिला बाग म्हणणं म्हणजे जरा लाडच. अर्धी गवतानं भरलेली, उरलेल्या अर्ध्यात जे आपोआप उगवेल ते.

भावाचा फोटो स्टुडिओ होता. आठ वर्षांपूर्वी त्यानं नवे कॅमेरे घेतले तेव्हा एक जुना बहिणीला दिला. "ठेव, नाहीतर भंगारातच जायचा." तिनं तो कॅमेरा पहिल्यांदा एका कोळ्यावर रोखला, आणि त्या दिवशी कामावर पोचायला तिला चाळीस मिनिटं उशीर झाला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

तेव्हापासून पाऊस ओसरला आणि सकाळच्या हवेत गारवा आला की ती सहाला मागच्या दारात असायची. वर्षातले हेच दिवस तिच्या कामाचे. जाळ्यांमधले कोळी पुरते वाढलेले, सुरवंट खाऊन खाऊन गलेलठ्ठ, गवताच्या टोकांना दवानं जड झालेले चतुर. ऊन अंगावर येईपर्यंत ते जागचे हलत नाहीत. ती गुडघ्यांखाली जुनी उशी घेऊन बसायची आणि वाट पाहायची. चतुर डोळ्यांवरचं दव पुढच्या पायांनी पुसतो, ते एकदा टिपायला तिला अकरा सकाळी लागल्या. भावानं तो फोटो दारभर मोठा छापून दुकानाच्या काचेत लावला. लोक थांबून बघायचे, आणि थांबलेले लोक पाहून भावाच्या डोक्यात चक्रं फिरू लागली.

त्याचं दुकान बसत चाललं होतं. ओळखपत्रांचे फोटो लोक फोनवर काढू लागले होते, लग्नांची कामं तरुण पोरं पळवत होती. दिवसभर तो काउंटरमागे नुसता बसून असायचा. मग एक दिवस त्यानं कार्यशाळेचा फलक लावला. फलकावर बहिणीचा चतुर, आणि खाली ठळक अक्षरांत: एका सकाळीत वीस कीटक.

"वीस?" ती म्हणाली. "मला एका सकाळी तीन मिळाले तर मी दिवसभर गुणगुणते."

"तू त्याची काळजी नको करूस. तू फक्त ये. तू बसलेली दिसलीस की लोकांना भरवसा वाटतो."

त्याचं हे गोड बोलणं तो चौदाचा असल्यापासून ती ऐकत आली होती आणि दर वेळी विरघळत आली होती. याही वेळी विरघळली.

रविवारी ती उजाडता उजाडता त्याच्या घरी पोचली. भावजय स्वयंपाकघरात चहा ठेवत होती. दूध काढून द्यावं म्हणून भिंगताईनं फ्रिज उघडला. भावजय घाईनं म्हणाली, "ताई, राहू द्या, मी काढते," पण तोवर दार उघडलं होतं.

दह्याचं भांडं आणि अर्ध्या कापलेल्या लिंबाच्या मधे प्लॅस्टिकच्या पारदर्शक डब्या रचून ठेवल्या होत्या. भावाच्या अक्षरात चिठ्ठ्या: नाकतोडे, पाच. चतुर, सहा. मिश्र. झाकणांना आतून पाणी सुटलं होतं. मिश्र लिहिलेल्या डबीत एक गोगलगाय एका भुंग्यावर चढून तशीच गारठली होती आणि तिचा फेस त्याच्या पंखांवर वाळला होता. तळाशी पाय पडले होते. नुसते पाय, कुणाचे ते कळायला मार्ग नव्हता. दुधाच्या पिशवीला पिवळ्या फुलपाखराचा अर्धा पंख चिकटला होता. आणि वास. कुजायला लागलेल्या ओल्या गवताचा, त्यात दह्याचा.

भिंगताईनं दार लावलं. हात साबणानं धुतला, मग पुन्हा धुतला.

"दोन महिने झाले," भावजय हळू आवाजात म्हणाली. "मी रोज पुसून घेते. रोज काहीतरी सापडतंच."

"आणि तू बोलली नाहीस?"

"काय बोलू? कित्येक दिवसांनी ते घरात हसताहेत."

चहा तिच्यानं घेववला नाही. ती मागच्या अंगणात गेली. तिथं बारा माणसं जमली होती, गळ्यात मोठमोठ्या भिंगांचे कॅमेरे. भाऊ मधोमध उभा. टेबलावर कुंडीतली फुलं, पाणी मारायची बाटली, डब्या, आणि एक चिमटा. चिमटा तिनं लगेच ओळखला. टोक किंचित वाकलं म्हणून कारखान्यातून काढून टाकलेला, कॅमेऱ्यातली धूळ उचलायला तिनंच त्याला दिलेला.

भावानं डबीतून हिरवा नाकतोडा काढला. थंडीनं ताठ झालेला, काडीसारखा. एका छोट्या नळीतून त्यानं पाकळीवर चार बारीक ठिपके सोडले आणि नाकतोड्याचे पाय एकेक करून त्यांवर दाबले. वास तिच्यापर्यंत आला. तो सुपरग्लूचा होता. तुटलेले प्लास्टरचे साचे ती रोज त्यानंच जोडायची.

"आता दव," भाऊ म्हणाला आणि त्यानं बाटलीनं फवारा मारला. "यात थोडं ग्लिसरीन आहे, थेंब टिकतात. चला, घ्या."

कॅमेऱ्यांचे खटके वाजू लागले. ती त्याच्या जवळ गेली. "हे काय करतोयस?"

"मॉडेलला उभं करतोय. लग्नात नवरीच्या कपड्यांना आपण पिना नाही का लावत?"

"नवरीचे पाय चिकटवत नाही."

दोघं-तिघं हसले. भाऊही हसला, पण आवाज खाली आणून म्हणाला, "ताई, तुझा तो काचेतला चतुर तरी काय होता? पहाटेच्या थंडीनं बधिर झालेलाच ना? तू थंडी फुकटात वापरतेस, मी फ्रिजमधली वापरतो. फरक काय?"

त्यानं तिच्या खांद्यावर थोपटलं आणि तो दुसऱ्या डबीकडे वळला.

तेवढ्यात ऊन कुंपणावरून खाली उतरलं आणि नाकतोड्याला ऊब लागली. आधी त्याच्या मिशा हलल्या. मग त्यानं अंग उचललं, पुन्हा उचललं. पाकळी त्याच्यासोबत वर यायची आणि खाली जायची. पुढे बसलेला जाडजूड गृहस्थ आनंदानं म्हणाला, "हालचाल मिळतेय, हालचाल." मग नाकतोड्यानं जोर लावला आणि तो उडाला. मागचा एक लांब पाय पाकळीवरच राहिला, उभा, वाकलेला, अजून थरथरणारा. नाकतोडा टेबलाखाली पडला आणि उरलेल्या पायांवर एका बाजूनं गोल गोल फिरू लागला.

मग त्या जाडजूड गृहस्थानं भिंग पुढे सरकवलं आणि नुसत्या पायाचा फोटो काढला. एक नाही, चार-पाच काढले.

भिंगताईनं टेबलाच्या कडेला हात टेकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, पण ओरडून नाही, सांगितलं, "फलकावरचा फोटो माझा आहे. तो चतुर ऊन आल्यावर उडून गेला. हे कुठंच जाणार नाहीत. घरातल्या फ्रिजमध्ये आणखी आहेत, जाऊन बघा. तसं काढायचं असेल तर मला अकरा सकाळी लागल्या, तुम्हालाही लागतील. असं काढायचं असेल तर काढा, पण मी तुम्हाला हे शिकवलं असं कुणाला सांगू नका."

तिघं उठले. त्यांतली एक सेवानिवृत्त नर्स होती. तिनं कॅमेरा पिशवीत टाकला आणि भावाला म्हणाली, "हे आधी सांगायला हवं होतं." उरलेले नऊ जण बसून राहिले. कुणी बुटांकडे पाहत होतं, कुणी कॅमेऱ्याच्या पडद्याकडे. ती नऊ माणसं भिंगताईला त्या फ्रिजपेक्षा जास्त खुपली.

तोवर आणखी दोन नाकतोडे आणि एक चतुर चिकटवून झाले होते. तिनं भावाच्या हातातून चिमटा काढून घेतला. त्यानं सोडला. भावजयीनं न सांगता कोमट पाण्याची वाटी आणि साबण आणून दिला. पिशवीतलं भिंग डोक्याला बांधून, नळाच्या ओट्यावर बसून ती रंगाच्या बारीक ब्रशनं एकेका पायाखाली साबणाचं पाणी सोडू लागली. कवळीत दात बसवायला जो हात लागतो तोच इथं लागत होता, फक्त दात धडपडत नाहीत. एका नाकतोड्याचे चिकटवलेले चारही पाय सुटले. दुसऱ्याचा एक तुटला. चतुर तिच्या बोटांवरच थांबला, कायमचा.

पाठीमागं कॅमेरा वाजला. मग दुसरा. तिनं वळून पाहिलं तर पाच-सहा जण अर्धवर्तुळ करून उभे होते.

"ताई, ते भिंग जरा वर घ्या ना," जाडजूड गृहस्थ म्हणाला, "डोळे दिसू देत. फार छान भाव आहेत चेहऱ्यावर."

तिनं भिंग काढलं, टेबलावरच्या डब्या पिशवीत भरल्या आणि ती निघाली.

घरी येऊन मागच्या गवतात तिनं डब्या उपड्या केल्या. बरेचसे किडे ऊन लागताच चालते झाले. बाकीच्यांना दुपारपर्यंत मुंग्यांनी ओढून नेलं. एरवी त्या मुंग्यांसाठी ती उशी घेऊन धावली असती. त्या दिवशी नुसती बघत बसली.

संध्याकाळी तिनं कॉम्प्युटरवर आपले सगळे फोटो उघडले. 'फरक काय?' हे भावाचं वाक्य डोक्यातून जात नव्हतं. पहिल्याच वर्षीचा एक सुरवंट समोर आला. तो फुलावर यावा म्हणून तिनं त्याला काडीनं ढोसलं होतं, सात वेळा. सातव्या वेळी त्यानं हिरवं पाणी ओकलं होतं आणि ते तिनं फोटोतून पुसून टाकलं होतं. पुसलेली जागा कुणाला दिसणार नाही, पण तिला दिसत होती. त्या फोटोचं तिला कौतुक होतं, आठ वर्षं. आता स्वतःचीच शिसारी आली. मग तिला कळलं की उत्तर साधंच होतं: पहाटेची थंडी सूर्य आला की जाते, आणि ती कुणी झाकण लावून ठेवत नाही. पण वेळेवर सुचलं नव्हतं, आणि सुरवंटाच्या बाबतीत ते तिच्याही उपयोगाचं नव्हतं.

दोन आठवड्यांनी वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत भावानं काढलेला फोटो छापून आला. फुलावर नाकतोडा, अंगभर टपोरे थेंब. खाली बारीक अक्षरांत, मार्गदर्शन, आणि तिचं पूर्ण नाव. सोमवारी ती कामावर गेली तेव्हा मालकांनी ते पान मेणाच्या खोलीत भिंतीवर लावलं होतं. "ताई, घराण्यातच कला आहे तुमच्या." तिनं पान उतरवलं, घडी केली आणि मालकांच्या हातात दिलं. "हे इथं असेल तर माझ्याकडून काम होणार नाही." एकतीस वर्षांत तिनं त्यांना नाही म्हटलं नव्हतं. त्यांनी पान खिशात घातलं आणि कारण विचारलं नाही.

दुपारी तिनं भावाला फोन केला.

"माझं नाव का घातलंस?"

"तुझा मान राहावा म्हणून. सगळं तुझ्यामुळेच तर झालं."

"मला त्या फोटोची किळस येते. तुझी अजून येत नाही. पण येईल की काय अशी भीती वाटायला लागलीय."

त्यानं फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी ती दुकानात गेली. त्यानं काचेतला चतुर स्वतःच स्टुलावर चढून उतरवला, कागदात गुंडाळला आणि मान वर न करता तिच्याकडे सरकवला.

भावजयीनं मात्र महिनाअखेर एक काम केलं. तिनं सगळ्या डब्या टोपलीत भरून दुकानात नेल्या आणि काउंटरवर ठेवून सांगितलं, "माझ्या अन्नाशेजारी हे आता नको." भावानं दुकानासाठी वेगळा छोटा फ्रिज आणला. कार्यशाळा थांबल्या नाहीत. उलट फोटो छापून आल्यापासून दोन रविवार आधीच जागा भरायला लागल्या.

भिंगताईनं तो उरलेला मोसम कॅमेरा हातात घेतला नाही. कॅमेऱ्याला डोळा लावायचं म्हटलं की तो उभा पाय दिसायचा. पुढच्या वर्षी, पाऊस संपता संपता, ती नर्स पत्ता शोधत तिच्या दारात आली. "मला एकच किडा दाखवा," ती म्हणाली, "पण स्वतःहून आलेला." आता दोघी आठवड्यातून दोनदा गवताशी पालथ्या बादल्यांवर बसतात. कधी काही येतं, कधी नाही. नर्सनं एकदा विचारलं, "भावावरचा राग गेला का?"

"राग नव्हताच," भिंगताई म्हणाली. "राग असता तर भांडून मोकळी झाले असते."

भाऊ अधूनमधून फोन करतो. ती त्याच्या तब्येतीची चौकशी करते, तो तिच्या गुडघ्यांची. फोटोंचा विषय कुणीच काढत नाही. कारखान्यात जायचा सरळ रस्ता त्याच्या दुकानावरून आहे. ती मागच्या गल्लीनं जाते, आणि त्यासाठी घरातून दहा मिनिटं आधी निघते.