पहिला हात कुणाचा

आमच्या कोळवण खोऱ्यात सिनेमाच्या गाड्या आल्या तेव्हा भाताची कापणी निम्म्यावर होती, आणि ती चार दिवस निम्म्यावरच राहिली. नदीकाठचा एक तुकडा पुण्याच्या कुणा साहेबांनी घेऊन तिथे फार्महाउस बांधलं होतं, तिथे शूटिंग होणार होतं. मी पिरंगुटच्या एका कंपनीत कामाला होतो. पोटात दुखतंय असं सुपरवायझरला सांगून मी रजा टाकली. दुसऱ्या दिवशी नदीवर जाऊन बघतो तर सुपरवायझर स्वतः गर्दीत उभा, गॉगल लावून. आम्ही एकमेकांच्या पोटाची चौकशी केली नाही.

सिनेमा म्हणजे एका पोलिसपटाचा दुसरा भाग होता. पहिला भाग गावातल्या झाडून सगळ्यांनी सीडीवर पाहिलेला. त्यात एक इमानदार इन्स्पेक्टर गुंडांना पकडून पकडून दमतो, कारण ते कोर्टातून सुटून येतात. शेवटी तो टोपी काढून टेबलावर ठेवतो आणि पिक्चर संपतो. दुसऱ्या भागात तो टोपीशिवाय न्याय करणार होता. ती टोपी टेबलावर पडली तेव्हा सगळ्यात मोठी शिट्टी माझी होती. माझं डोकं तसंही लवकर तापतं. एसटी दहा मिनिटं उशिरा आली तरी कंडक्टरला तिथल्या तिथे शिक्षा व्हावी असं मला वाटतं.

आम्हाला गर्दीचं काम होतं. गावाच्या देवीचा मुकुट चोरीला जातो, गावकरी चोराला नदीकाठी पकडतात, इन्स्पेक्टर जीपमधून उतरतो आणि चोराला ताब्यात घ्यायच्या ऐवजी गावाच्या हवाली करून पाठ फिरवतो, असा तो सीन. डायरेक्टर मुंबईचा, बोलायला बरा, पण आम्हाला बघून त्याने कपाळाला हात लावला. गावातल्या म्हाताऱ्यांनी मिशा काळ्या केल्या होत्या. बायका लग्नातल्या पैठण्या नेसून आल्या होत्या, आमची ही त्यात सगळ्यात पुढे. ‘अहो, तुम्ही गरीब गावकरी आहात,’ तो हात जोडून म्हणाला. त्यावर एक आजी फणकाऱ्याने म्हणाल्या, ‘गरीब आसंल तुजा पिक्चर!’ शेवटी निम्म्या गावाला घरी पाठवून कपडे मळवून आणायला सांगितलं.

चोर मात्र ठरत नव्हता. मुंबईहून आणलेला नट फारच गोरागोमटा होता, डायरेक्टरला तो पटेना. तेवढ्यात मोटरपंप दुरुस्त करणारे मिस्त्री सायकल ढकलत तिथे आले. फार्महाउसच्या विहिरीवरची मोटर जळाली होती, ती न्यायला ते आले होते. डायरेक्टरने त्यांना नीट न्याहाळलं. उन्हाने रापलेला चेहरा, बसलेले गाल, भुवईखाली आडवा व्रण.

‘हा! हाच माझा चोर!’ तो ओरडला. ‘व्रण खरा आहे ना? वा, मेकअप वाचला!’

गर्दीतलं हसणं एकदम बंद झालं. तो व्रण कसला आहे हे माझ्या पिढीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. तो माझ्या साखरपुड्याच्या अंगठीचा होता.

ती गोष्ट सात-आठ वर्षांपूर्वीची, नव्व्याण्णवच्या सुमाराची. त्या उन्हाळ्यात नदीवरून लागोपाठ तीन मोटरी चोरीला गेल्या, त्यातली एक आमची. गाव धुमसत होतं. पौडला तक्रार देऊन झाली होती, पण ज्याच्या-त्याच्या तोंडी एकच, पोलिसांत दिला तर सुटंल. अशात एका सकाळी मी एसटीच्या थांब्यावर उभा असताना एक अनोळखी माणूस सायकलवरून उतार उतरून येताना दिसला. मागे कॅरिअरला गोणपाट बांधलेलं, आणि गोणपाटातून मोटरीचं तोंड बाहेर आलेलं.

‘मोटर हाय रं!’ कुणीतरी ओरडलं, आणि बघता बघता पंचवीस-तीस माणसं जमली. तो माणूस सांगत होता, ‘वायंडिंगला चालवलीय, जळालीया, वरच्या वाडीतली हाय.’ ऐकायला कुणी रिकामं नव्हतं. पण मारतही कुणी नव्हतं. गर्दीचं असं असतं, सगळ्यांचे हात शिवशिवत असतात आणि सगळे पहिल्या हाताची वाट बघत असतात. पहिला हात माझा पडला. त्यानंतर कुणाचे किती पडले ते मोजण्यात अर्थ नाही.

अर्ध्या तासाने वरच्या वाडीचा एक शेतकरी धापा टाकत आला. ‘आरं, थांबा! मोटर माजी हाय, मीच दिलीया त्यास्नी!’ मग सगळे एकदम थांब्यावरच्या जाहिराती वाचायला लागले. कुणी माफी मागितली नाही. आमच्याकडे माफीच्या जागी चहा सांगतात. समोरच्या हॉटेलातून स्पेशल चहा आला, मीच तो मिस्त्रींच्या पुढे धरला. त्यांनी कप घेतला, जमिनीवर ठेवला, सायकल उचलली, मोटर पुन्हा बांधली आणि निघून गेले. चहावर साय धरली तरी आम्ही तिथेच उभे होतो.

पुढे गंमत अशी झाली, की अख्ख्या खोऱ्यात त्यांच्यासारखं वायंडिंग कुणाला जमत नव्हतं. त्यामुळे ते आमच्या गावात येत राहिले. आमच्याही घरी यायचे. काम चोख करायचे, बोलायचे बेताचं. पण माझ्या घरचा चहा त्यांनी कधी घेतला नाही. ‘आत्ताच झाला,’ म्हणायचे. त्या मारहाणीनंतर दोन महिन्यांनी माझं लग्न झालेलं, त्यामुळे बायकोला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ती विचारायची, ‘मिस्त्रींना आपला चहा आवडत न्हाई का वो?’ मी म्हणायचो, पित्त असेल. आणि गाव मात्र, चूक कळूनही, त्यांना पाठीमागे मोटरचोरच म्हणायचं. एकदा चिकटलेलं नाव काढायला कुणीतरी पुढे व्हावं लागतं, आणि तिथेही सगळे पहिल्याची वाट बघत होते. मला त्याची लाज वाटायची, पण लाज वाटून मी काय केलं, तर ती अंगठी काढून कपाटात ठेवली.

मिस्त्री चोराचं काम करायला तयार झाले, याचंच सगळ्यांना नवल वाटलं. फक्त त्यांनी डायरेक्टरला एक विचारलं, ‘ह्यानं खरंच चोरी केलीया का?’

‘चोर आहे म्हणजे केलीच असणार.’

‘तरी कागदात एकदा बघून घ्या,’ मिस्त्री म्हणाले.

डायरेक्टर हसला आणि त्याने सगळ्यांना जागेवर उभं केलं. मिस्त्री मधोमध, भोवती आम्ही. इन्स्पेक्टर झालेला हिरो केळं खात होता, ते संपवून जीपमध्ये बसला. ‘आता मला सांगा,’ डायरेक्टर म्हणाला, ‘याला पहिली कानाखाली कोण देणार?’

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. म्हाताऱ्यांच्यासुद्धा. सुपरवायझरने गॉगल काढून बघितलं. डायरेक्टर खूश झाला. त्याला वाटलं, गावात माझी वट आहे.

कॅमेरा सुरू झाला. हिरो उतरला, ‘आज कोर्ट इथंच भरेल!’ म्हणाला, पाठ फिरवून निघून गेला. मी पुढे झालो आणि हात उचलला, तर तो मिस्त्रींच्या गालापर्यंत जाऊन नुसता टेकला.

‘कट! अहो, हळद लावताय का?’

दुसऱ्यांदा माझा हात वर गेला तो माझ्याच डोक्यावर जाऊन बसला. तिसऱ्यांदा मी पायात पाय अडकून पडलो आणि चोरानेच मला उठवलं. गर्दीही काही कामाची नव्हती. सगळे मिस्त्रींच्या अंगाला हात लावून माघारी येत होते, जसे काही दर्शनालाच आले होते. डायरेक्टरचा आवाज बसत चालला. ‘तुमच्या देवीचा मुकुट चोरलाय याने! राग येत नाही तुम्हाला? नुसते बघताय काय?’

चौथ्या खेपेला मिस्त्रींच्या समोर उभा राहिलो तेव्हा ते हळूच म्हणाले, ‘मारा की, भाऊ. तवा तर कुनी ॲक्शन बी म्हनलं नव्हतं.’

ते चिडून बोलले असते तर सोपं गेलं असतं. ते मला मदत करायला बोलले होते, अडलेल्या माणसाला काम समजावून सांगावं तसं. आठ वर्षं ते माझ्या दारात येत होते आणि आठ वर्षांत त्या दिवसाचा उल्लेख त्यांच्या तोंडून मी ऐकला नव्हता. कॅमेरा चालू आहे, हिरोचं बोलणं झालंय, गाव बघतंय, याचं काही भान राहिलं नाही.

‘मोटर ह्यांनी चोरली न्हाई!’ मी जोरात बोललो. ‘ऐका रं सगळी. पहिला हात मी टाकला. माजं चुकलं. मिस्त्री, माजं लई चुकलं.’

‘कट, कट! मोटर कुठून आली?’ डायरेक्टर किंचाळला. ‘मुकुट! मुकुट चोरलाय!’

कुणी हसलं नाही. आमची ही पैठणी सोडून जुनं लुगडं नेसून आली होती, ती पुढच्याच रांगेत होती. तिने आधी माझ्या हाताकडे बघितलं, मग मिस्त्रींच्या भुवईकडे. रात्रीचं जेवण कसं गेलं ते मी इथे लिहीत नाही.

मिस्त्रींनी अंगावरची माती झटकली. डायरेक्टरने मात्र छोट्या टीव्हीवर तो तुकडा परत पाहिला आणि त्याचा सूर बदलला. ‘चेहरा झकास आलाय यांचा. आवाज काढून टाकू, वर म्युझिक टाकू.’ कानाखाली मारायला मग मुंबईचा एक फायटर उभा केला. त्याने एका झटक्यात, गालाला हातही न लावता, सुरेख मारलं. मिस्त्री सुरेख पडले.

पुढच्या वर्षी पिक्चर आला, फार चालला नाही, लगेच सीडीवर मिळाला. मिस्त्री आमची मोटर दुरुस्त करून बसवायला आले होते, तेव्हा हिने त्यांना थांबवलं. ‘बसा, तुमचा पिक्चर आणलाय.’ ते खुर्चीच्या कडेवर टेकले. मुकुटाचा सीन आला. हिरो पाठ फिरवून गेला, ढोल वाजायला लागले, आणि पडद्यावर माझं भलंमोठं तोंड आलं. ओठ हलत होते. महाराष्ट्रभर ज्यांनी तो पिक्चर पाहिला त्यांना वाटलं असेल, हा इसम चोराला शिव्या घालतोय.

‘मागं घ्या जरा,’ मिस्त्री म्हणाले.

मी मागे घेतलं. ते पुढे वाकून माझ्या ओठांकडे बघत होते. मग पुन्हा एकदा मागे घ्यायला लावलं, आणि पुन्हा एकदा. चौथ्यांदा त्यांनी हातानेच पुरे म्हणून सांगितलं, खुर्चीत मागे सरकून नीट बसले आणि आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणाले, ‘वैनी, च्या टाका.’

ही स्वयंपाकघरात गेली, आणि लगेच पातेलं हातात घेऊन बाहेर आली. मिस्त्रींना साखर किती लागते, ते आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं.